खालची फळी

पांढरा... तिळाच्या टोकाएवढा पांढरा ठिपका, हिरव्या कळीच्या फटीतून डोकावणारा. तिनातीननं चष्मा पुसून पुन्हा लावला. ठिपका तिथंच होता. पाकळीच होती ती. शेजारच्या ट्रेमधली साधी रोपं आज फुलली होती, आणि त्यांच्या जोडीनं तिचीही — ज्यांच्यातलं एक जनुक तिनं काढून टाकलं होतं, जी त्यामुळे उशिरा फुलतात असं तिच्या शोधनिबंधात लिहिलं होतं. निबंध स्वीकारला गेला होता. छपाईसाठी शेवटचा होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता, आणि त्याआधी, सकाळच्या कॉफीला, त्या आनंदाचा केक.

"तुझी पिल्लं मी वरच्या मजल्यावर राहायला नेली हं," पेरणीनंतर थोड्याच दिवसांनी तिचा ट्रे वरच्या फळीवर ठेवून उल्वा म्हणाली होती. तिचं टेबल शेजारीच. "खाली पाणी साचलं होतं. भाडं सावकाश दे."

तेव्हा तिनातीन हसली होती.

खालची फळी, तिनातीनच्या मनात आलं, गार फरशीला लागून असलेली... दर सोमवारी सगळे आपापले ट्रे एका फळीवरून दुसरीवर हलवतात, उजेड आणि ऊब सगळ्यांच्या वाट्याला सारखी यावी म्हणून. ज्यांच्याशी मी माझी ताडून पाहायचे, ती सगळ्यांची साधी रोपंही अशीच फिरायची. मीही फिरवायचे — पण त्याच फळीवर, पुढचा मागे, मागचा पुढे. कारण पहिल्या दिवशी माझ्या मार्गदर्शक बिरगितानं बोट दाखवून म्हटलं होतं, "ही तुझी," आणि या देशात, जिथं खोली, सायकल, बर्फातले बूटसुद्धा आधी दुसऱ्या कुणीतरी वापरलेले, तिथं तेवढी एकच जागा माझी होती. तिच्यावर दुसऱ्याचा ट्रे आलेला मला सोसवला नसता. म्हणजे इतकी वर्षं मी काय मोजत होते — जनुक, की फरशीचा गारवा? की दोन्ही थोडं थोडं... एका खेपेवरून काय ठरतं? पुन्हा पेरून पाहायला हवं. पुन्हा पेरायचं तर आज होकार कसा द्यायचा?

रविवारी घरून, कुताइसीहून, आईचा फोन आला होता. "शेजारच्या मानानाला सांगितलं, आमच्या तिनानं फुलांना थांबवायची युक्ती शोधली. तर म्हणते कशी, मग आमच्या जर्दाळूला जरा समजाव म्हणावं, दरवर्षी थंडी सरायच्या आत फुलतो मेला!" आणि आई हसत राहिली होती, कितीतरी वेळ. वडील गेल्यापासून तशी हसली नव्हती.

दार उघडलं. बिरगिता. पिकलेले केस, हातात सुरी. तिनातीन तिची शेवटची विद्यार्थिनी. उन्हाळ्यात ती निवृत्त होणार होती.

"तिना, चल ना! केक तूच कापायचास. उल्वा मघापासून त्याच्यावरचं गुलाबाचं फूल पळवायला टपलीय."

"आलेच."

"रोपं काही पळून जात नाहीत गं."

"नाही... बिरगिता, तू हो पुढे."

इथं मोठ्यांनाही 'तू'च म्हणायची पद्धत; अजूनही हा 'तू' तिच्या तोंडी बसला नव्हता. मनात नेहमी 'तुम्ही'च यायचं. आत्ता सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. दार मिटलं.

चिमटा कधी उचलला ते तिला कळलं नाही. शेंडा तुटल्याचा आवाजही आला नाही. हातमोज्याच्या बोटावर ती कळी चिकटून बसली, पांढरा ठिपका वर करून.

आणि मग, बधिरपणे, कुठल्यातरी जुन्या वर्गात बसल्यासारखं तिला आठवलं — शेंडा खुडला की खालच्या पानांच्या बगलेत निजलेले कोंबांचे डोळे जागे होतात. तिच्याच हातानं तिनं त्यांना उठवलं होतं. दोन-चार दिवसांत एकाच्या जागी तीन फांद्या, तिन्हींवर कळ्या. त्याही खुडल्या तर आणखी.

बाहेर कपबश्या वाजत होत्या. कुणीतरी तिचं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लागलं. तिनं वाकून पानाच्या बगलेत पाहिलं. अजून काहीच नव्हतं तिथं. मघापर्यंत ज्याची भीती वाटत होती त्याचीच ती आता वाट पाहत होती, घाईनं, जवळजवळ गयावया करत... उठा. मी बोलेपर्यंत थांबू नका.