कूपनांचं टेबल

“कूपनांवर स्नेहलताई बसतील,” असं म्हणत ज्योत्स्ना फळ्याकडे वळली आणि खडू उचलून तिने नाव लिहूनही टाकलं. पाठमोरं उभं राहायला काहीतरी निमित्त हवंच होतं.

मागे सतरंजीवर बसलेल्या बायकांत चुळबुळ झाली. कुणी खोकलं, कुणी पदर सारखा केला. आत्ताच, क्षणापूर्वी, स्नेहल म्हणाली होती, “भाकरी माझ्याकडे द्या. ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी मी फक्कड करते.” त्यावर जी शांतता पसरली ती सरता सरेना. स्नेहल बौद्ध. हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच कुणाला वाटली नाही.

“तुमचं अक्षर सुरेख, काम चोख. पोस्टात आहात तुम्ही, तुमच्याशिवाय हे कुणाला जमायचं?” ज्योत्स्ना बोलतच सुटली. माणूस खोटं बोलताना उगाच दोन वाक्यं जास्त बोलतो.

“चालेल, मॅडम,” स्नेहल म्हणाली. “जिथे सांगाल तिथे.”

दीपनगरच्या कॉलनीत ज्योत्स्नाचा डान्स क्लास होता. तिच्या मुलींचा संघ पहिल्यांदाच नागपूरच्या स्पर्धेसाठी निवडला गेला होता आणि प्रवासाचा, पोशाखांचा खर्च आ वासून उभा होता. सुनंदाबाईंनी भरीत पार्टीची, जेवणाची कूपनं विकून पैसे जमवायची कल्पना काढली. थंडीचे दिवस, वांगी ऐन बहरात, आणि आपल्याकडे माणसं गोळा करायची तर भरितासारखा दुसरा उपाय नाही! शेत त्यांचं, वांगी त्यांची, तेलही त्यांचंच. त्यांची नात संघात होती. त्यांना दुखावलं की सगळंच मुसळ केरात, हे ज्योत्स्नाला पक्कं ठाऊक होतं.

बैठक संपल्यावर सुनंदाबाई पायरीवर चपला घालता घालता थांबल्या.

“बरं केलं व माय तू. मले तं काई नाई, मी कुठंबी खाते. पन गावची मान्सं येतीन, त्याइले कोन समजावनार?”

ज्योत्स्ना नुसतं “हं” म्हणाली. पण घरी येऊन कुकर लावताना ते तिला डसलं. बैठकीत सुनंदाबाईंनी अवाक्षरही काढलं नव्हतं. कुणीच काही बोललं नव्हतं. जे बोलायचं ते तिने आपणहून, सगळ्यांच्या आधी बोलून टाकलं होतं. आणि हीच ज्योत्स्ना मागल्या वर्षी टायफॉइडने अंथरुणाला खिळली, तेव्हा वरण-भाताचा डबा कुणाच्या घरून येत होता? स्नेहलच्याच ना? ‘मी तर खाते की तिच्याकडचं!’ तिने स्वतःची समजूत घालून पाहिली. खातेस, पण दार लावून. मनच ते, उलटून बोललं. तिला स्वतःची शरम वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सरावाला मुलींनी मनोरा रचला. सगळ्यात वर स्नेहलची प्राची, खाली सुनंदाबाईंची नात तिचा घोटा घट्ट धरून. खाली उतरल्यावर साऱ्या जणी एकाच बाटलीला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायल्या.

“मॅडम, आई म्हणते कूपनचं काम भारी आहे,” प्राची धापा टाकत म्हणाली. “सगळ्यांना आधी तिच्याकडेच यावं लागणार!”

“गुडघे वाकतायत तुझे. पुन्हा कर,” ज्योत्स्ना खेकसली. गुडघे काही वाकत नव्हते. पोरगी बिचारी मुकाट्याने परत वर चढली.

पार्टीला ही गर्दी लोटली! सुनंदाबाईंचे यजमान चुडामणभाऊ कापसाच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होते, धुराने डोळे चोळत सगळ्यांना रामराम घालत होते. पंगतीमागून पंगत उठत होती. स्नेहल लिंबाखाली टेबल मांडून बसली होती. ठेवणीतली साडी नेसलेली, येईल त्याच्याशी हसून बोलणारी. ज्योत्स्ना दोनदा तिच्याकडे जायला निघाली आणि दोन्ही वेळा वाटेतूनच कुणाला तरी मीठ हवं म्हणून परतली. मिठाचंही बरं निमित्त मिळालं.

ऊन कलल्यावर गर्दी ओसरली. ज्योत्स्नाने ताट वाढून घेतलं आणि जीव मुठीत धरून लिंबाखाली गेली. पाहते तर स्नेहल आपला डबा उघडून बसलेली. पोळी आणि मेथीची भाजी.

“अहो, एवढं भरीत असताना डबा?”

“ऑफिसची सवय, मॅडम.”

ज्योत्स्नाने ताट टेबलावर ठेवलं आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

“स्नेहलताई, त्या दिवशी... माझं चुकलं हो.”

स्नेहलचा हात थांबला. काय चुकलं, हे तिने विचारलं नाही.

“मला द्या ना एक घास तुमच्यातला.”

स्नेहलने तिच्याकडे नीट पाहिलं. मग पोळीचा तुकडा मोडला, त्यात भाजी धरली आणि टेबलावरून हात पुढे केला. सगळं शेत बघेल अशा उजेडात.

ज्योत्स्नानेही हात पुढे केला. आणि काय झालं कोण जाणे, तिची मान मागे वळली. सुनंदाबाई बघतात का? त्या तर पाठमोऱ्या उभ्या होत्या, पंगतीत भाकरी वाढत होत्या. त्यांना याचा पत्ताही नव्हता.

ज्योत्स्ना परत वळली तेव्हा घास डब्यात गेला होता आणि स्नेहल झाकण लावत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“मॅडम, तिकडे तुम्हाला बोलावताहेत वाटतं,” ती हळुवारपणे म्हणाली आणि उरलेली कूपनं सारखी करायला लागली.

कुणीही बोलावत नव्हतं. हे दोघींनाही माहीत होतं.

“हो का?” ज्योत्स्ना म्हणाली. “आलेच मी.” आणि उठली.