खिळ्यावरून उतरलेलं कार्ड

कॅन्सरवाल्यांना आधार देणाऱ्या त्या संस्थेत पेशंट मेला की 'मेला' असं कुणी म्हणत नसे. ऑफिसात भिंतीला एक लांब फळी होती, फळीला खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका पेशंटचं कार्ड. नाव, पत्ता, हॉस्पिटलची वेळ. माणूस गेला की त्याचं कार्ड गुपचूप काढायचं, टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवायचं आणि फायलीत डोकं घालायचं. सकाळी गाडी काढायला ड्रायव्हर आला की त्याला रिकामा खिळा दिसे. तो समजून जाई. कोण, कधी, कसं, काही विचारायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर कुणीतरी मोडला तरी असता.

ड्रायव्हरने तीस वर्षं शहराची बस चालवली. बायको याच रोगाने गेली. तिला हॉस्पिटलात न्यायचं तर हा ड्यूटीवर. रिटायर झाल्यावर तो संस्थेत आला आणि म्हणाला, "पगार नको, किल्ली द्या." तेव्हापासून संस्थेची गाडी त्याच्याकडे.

त्याच्या शेजारची सीट कंडक्टरबाईंची. त्याही शहराच्या बसवरच्याच. त्यांना घशाचा कॅन्सर. तेहतीस दिवस रोज शेक घ्यायचा, म्हणजे मशिनखाली झोपायचं, तोंडावर त्यांच्याच चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा आवळून. पहिल्या दिवशी गाडीत बसताच त्यांनी विचारलं होतं, "कुठल्या डेपोचे तुम्ही?"

त्याने सांगितलं.

"वाटलंच. तुमच्या डेपोचे ड्रायव्हर स्टॉप सोडून पुढे गाडी थांबवतात आणि म्हाताऱ्यांना पळवतात."

"आणि तुम्ही कंडक्टरबाया सुट्ट्या पैशांवरून प्रवाशांच्या सात पिढ्या काढता."

"मग काय आरती ओवाळायची? सव्वीस वर्षं काढलीत मी."

तिथून जमलं. बाई पिशवीतून जुना तिकिटाचा पंच घेऊन यायच्या. एका पुठ्ठ्यावर त्यांनी तेहतीस चौकोन आखले होते. शेक घेऊन आल्या की सीटवर टेकायच्या, एका चौकोनाला भोक पाडायच्या, आणि मग तोच पंच काचेवर दोनदा वाजवायच्या. टक टक. डबल बेल. ती मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गिअर टाकत नसे. गंमत म्हणून बाईंनी फळीवरच्या आपल्या कार्डाच्या कोपऱ्यालाही एक भोक पाडलं. "पास काढला," म्हणाल्या.

आठव्या शेकानंतर आवाज बसला, बाराव्यानंतर गेलाच. घास उतरेना म्हणून नाकातून नळी घातली. बाई पाटीवर लिहून बोलू लागल्या. पण पंच चालूच. एकोणीस भोकं झाली.

मग आली ती पदयात्रा. संस्थेचा खर्च देणग्यांवर चालायचा आणि वर्षाची मोठी देणगी त्या एका दिवसाच्या चालण्यातून जमायची. आठवडाभर आधीपासून ऑफिसात कुणाचा पाय ठरत नव्हता. टी-शर्टांचे गठ्ठे, रिबिनी, फोनवर फोन. त्यात मोठे देणगीदार ऑफिस बघायला येणार, फळीपुढे उभं राहून फोटो काढणार, असं ठरलं. अध्यक्षीणबाईंनी नुकत्याच आलेल्या नव्या ताईला सांगितलं, "ती फळी जरा बघ गं. कार्डं किती कळकट झालीत."

नव्या ताईला एक कार्ड कोपऱ्याला फाटलेलं दिसलं. पंचाच्या भोकापासून चीर थेट खिळ्यापर्यंत गेली होती. नीट नवीन लिहू म्हणून तिने ते काढलं आणि हाताला लागला त्या खणात ठेवलं. तेवढ्यात टी-शर्टवाला आला. कार्ड राहिलं ते राहिलंच. तो खण कशाचा हे तिला कोण सांगणार? सांगायचं तर मेलेल्यांबद्दल बोलावं लागलं असतं.

दुसऱ्या सकाळी ड्रायव्हरने फळी बघितली. कंडक्टरबाईंचा खिळा रिकामा. तो तिथेच खुर्चीवर बसला. हिशेब बघणारे अण्णा त्याच्याकडे बघून मान हलवून फायलीत शिरले. अण्णांनीही खिळाच पाहिला होता. त्यांना वाटलं, याला ठाऊक आहे. त्याला वाटलं, यांना ठाऊक आहे. झालं. दोन शहाणी माणसं, एक शब्द नाही.

त्या दिवसापासून ड्रायव्हरने बाईंच्या गल्लीवरून जायचं सोडलं. लांबच्या रस्त्याने जाई. त्यांच्या घराचं फाटक डोळ्यांना नको वाटे. शेजारच्या सीटवर कुणाला बसू देईना. "मागे बसा," एवढंच म्हणे. बाईंची शाल आणि थर्मास गाडीतच राहिले होते, ते त्याने त्या सीटवर ठेवले. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून फोन आला, तुमची घशाची पेशंट का येत नाही? अण्णांनी खिळा बघितला, खण उघडून बघितला आणि हळू आवाजात सांगितलं, "त्या आता नाहीत." पलीकडच्या बाईने "बरं" म्हणून नाव खोडलं.

पदयात्रा दणक्यात झाली. गाडीला फुगे लावून सर्वांत पुढे काढली. ड्रायव्हरने छातीवर रिबीन लावून सहा तास स्टिअरिंग धरलं. लोक टाळ्या वाजवत होते. शेजारी शाल आणि थर्मास.

अकराव्या दिवशी त्याच्या मनाने घेतलं की वस्तू घरच्यांना पोचवाव्यात, दोन शब्द बोलावेत. जिना चढून त्याने दार वाजवलं. दार उघडलं ते कंडक्टरबाईंनीच.

दोरीवर चिंधी सुकत घालावी तशा दिसत होत्या. नाकात नळी. बघून हसल्या. ड्रायव्हरच्या हातातला थर्मास खाली पडला, जिन्यावरून गडगडत गेला.

बाईंनी पाटी आणली. 'उशीर केलात. स्टॉप चुकला का?'

बाईंनी पुसून पुन्हा लिहिलं. 'तीन दिवस फाटकाशी बसले पिशवी घेऊन. मग कळलं.'

"काय कळलं?"

'सीट दुसऱ्याला दिली. माझ्यापेक्षा गरजू असेल.'

खालून वहिनी वर आली होती, भावाची बायको, कमरेवर हात ठेवून. "मी म्हटलंच होतं, फुकटची गाडी किती दिवस येणार? एक दिवस निघाल्या होत्या बसने. स्टॉपवर चक्कर येऊन पडल्या. लोकांनी आणून टाकलं. संस्थेला फोन करू का विचारलं तर पाटीवर लिहितात, भीक नको."

ड्रायव्हरने त्यांना तशाच उचलून गाडीत बसवलं. हॉस्पिटलात त्यांची वेळ दुसऱ्याला गेलेली, मुखवटा कचऱ्यात गेलेला. डॉक्टरने पुन्हा तपासण्या केल्या, दोन दिवसांनी ड्रायव्हरला बाजूला घेतलं. "मधे खंड पडायला नको होता. गाठ फुगून श्वासनळीला टेकलीय. आता शेक देऊन त्रासच होईल. घरी न्या." मग आत जाऊन बाईंनाही तेच सांगितलं, जरा गोड करून.

ड्रायव्हर ऑफिसात गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर हात आपटला. नवी ताई रडायला लागली. अण्णा उठून खिडकीशी गेले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "चूक माणसाकडूनच होते, काका. पण हे बाहेर बोलू नका. आत्ता कुठे लोक द्यायला लागलेत. आपण बदनाम झालो तर बाकीच्यांना कोण नेणार?"

आणि वाईट हेच होतं, की अध्यक्षीणबाई खोटं बोलत नव्हत्या. फळीवर आणखी बावीस कार्डं होती. शिवाय ड्रायव्हर कुणाला शिव्या देणार होता? जिना चढून दार वाजवायला त्याला कितीसा वेळ लागला असता? तो लांबच्या रस्त्याने गेला. स्वतःला दुःख नको म्हणून. बाई फाटकाशी बसल्या होत्या आणि हा पलीकडच्या रस्त्याने त्यांच्यासाठी डोळे पुसत चालला होता.

शेवटचं घरी सोडताना त्याने फाटकाशी गाडी उभी केली. बाई उतरेनात. पाटी मांडीवर घेऊन सावकाश लिहीत राहिल्या.

'माझ्या सीटवर कोण?'

त्याने पुढे बघितलं. रस्ता मोकळा होता.

"एक पोरगी आहे," तो म्हणाला. "दहा वर्षांची."

'बरी होतेय?'

"होतेय. रोज येते."

बाईंनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या. मग पिशवीतून पंच काढला, पुठ्ठाही काढला. एकोणीस भोकं, चौदा चौकोन कोरे. पुठ्ठा परत पिशवीत टाकला आणि पंच त्याच्या हातात ठेवला. लिहिलं, 'तिला द्या. दिवस मोजायला बरा. बोट सांभाळ म्हणावं.'

"देतो."

उतरल्यावर त्यांनी बोटाच्या पेराने काचेवर दोनदा वाजवलं. पंच नव्हता, आवाज आला नाही. पण त्याला दिसलं. त्याने गाडी काढली.

पाचव्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. ड्रायव्हर तेव्हा ऑफिसातच होता, शर्टाच्या खिशात पंच. अण्णांनी फोन ठेवला, कुणाकडे न बघता सवयीने उठले आणि फळीपाशी गेले. हात वर केला आणि तसाच राहिला.

खिळा रिकामाच होता. एवढ्या सगळ्यात कार्ड परत टांगायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. अण्णांनी खालचा खण ओढून बघितला, पुन्हा आत ढकलला आणि फायलीत डोकं घातलं.