चिखलाचा फ्रॉक

साबणाच्या जाहिरातीत भिंगरीला एवढंच करायचं होतं: चिखलाने माखलेला फ्रॉक धावत जाऊन आईला द्यायचा. पण आई झालेल्या नटीला मागे टाकून ती दर वेळी कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या बापाकडेच धावे. बायको वारल्यापासून घरातलं धुणं तोच धूत होता.

दिग्दर्शकाचा पारा चढला. "अगं, कपडे आई धुते. एवढंही कळत नाही?"

'घरी मीच धुतो' असं बापाच्या ओठांवर आलं होतं, पण त्याने नटीकडे बोट दाखवलं. मग पोरीने बरोबर केलं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

घरी त्याने सवयीने मळक्या फ्रॉकसाठी हात पुढे केला. भिंगरीने तो पाठीमागे लपवला.

"बाबा, आता आपले कपडे कोण धुणार?"