मेकॅनिक निघाला आहे

वर्कशॉपमध्ये त्याला कोणी नावाने हाक मारत नसे. मेकॅनिक लोक त्याला निघालेराव म्हणत. घरगुती यंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात फोन उचलणं आणि दिवसाची कामं फळ्यावर लिहिणं हे त्याचं काम. कोणाचं वॉशिंग मशीन पाणी सोडत नसे, कोणाच्या फ्रिजखाली तळं साचलेलं असे. माणसं चिडून फोन करत आणि पलीकडचा आवाज चढला की याच्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडे, "मेकॅनिक निघाला आहे." मेकॅनिक त्या वेळी समोरच्या स्टुलावर चहा पीत बसलेला असे.

"मी निघालोय का रे?" म्हातारा मेकॅनिक विचारायचा. "सांग तरी, कुठपर्यंत पोचलो."

दुकान वडिलांचं. चार वर्षांपूर्वी ते वारले, तेव्हापासून थोरली बहीण ते चालवत होती. ताईचं बोलणं कात्रीसारखं. धाकट्याची निम्मी खोटी तिला कळतच नसत. उरलेल्या निम्म्यांसाठी ती त्याला सगळ्यांसमोर सोलून काढायची. त्याने तो सुधारला नाही, तिच्याशी जास्त सफाईने खोटं बोलायला शिकला.

दर रविवारी तो चर्चच्या उपासनेला जायचा. छापखान्याच्या वरचा हॉल, चाळीसेक माणसांची मंडळी. तिथे तीन वर्षांत तीनदा त्याने उभं राहून सांगितलं होतं की मी खोटं बोलतो, माझ्यासाठी प्रार्थना करा. पहिल्यांदा दोन बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा लोकांनी शिस्तीत डोळे मिटले. तिसऱ्यांदा मागच्या बाकावरून कोणी पुटपुटलं, "तीच कबुली आहे, झेरॉक्स वाटून टाका." प्रत्येक कबुलीनंतर आठ-दहा दिवस बरे जायचे. मग एखाद्या सकाळी फोनवर आवाज चढायचा आणि मेकॅनिक पुन्हा निघायचा.

तिसऱ्या खेपेनंतर पाळकांनी त्याला थांबवून घेतलं. पाळक साठीचे, पूर्वी बस चालवत. गोड बोलण्यासाठी ते प्रसिद्ध नव्हते.

"पुरे झालं," खुर्च्या एकात एक घालत ते म्हणाले. "तू रडतोस, आम्ही आमेन म्हणतो, तू हलका होऊन घरी जातोस. हे काय चाललंय?"

"मी खूप प्रयत्न करतो."

"तुझे प्रयत्न बघितले मी. खोटं बोलायची तुला हौस नाही. समोरचा चिडला की तुझे पाय लटपटतात. त्याचा राग मिनिटभर अंगावर घ्यावा लागू नये म्हणून तू वाटेल ते बोलतोस. मग तुझा देव कोण झाला? समोरच्याचा आवाज."

धाकटा खुर्ची धरून उभा राहिला.

"प्रभू तुझ्यासाठी वधस्तंभावर गेला तेव्हा तू खोटारडा आहेस हे त्याला माहीत होतं. तरी गेला. हे मानतोस?"

"मानतो."

"का हेही आपलं मला बरं वाटावं म्हणून?"

त्याने हातातली खुर्ची पाळकांकडे सरकवली.

"मानत असशील तर माणसाने मिनिटभर झिडकारलं म्हणून तू मरत नाहीस. तेवढं मिनिट उभं राहायचं. एकट्याने नाही, त्याच्या जिवावर. आणि खोटं निघालंच तोंडातून, तर दिवस मावळायच्या आत त्याच माणसाकडे जायचं आणि सांगायचं, ते खोटं होतं. एवढंच. कारण जोडायचं नाही, तू कारणातही खोटं घालशील."

"लोक मारतील मला."

"मारू देत. आणि शपथ घेऊ नकोस. तुझ्या शपथांचा मला कंटाळा आलाय. देवालाही आला असेल, तो बोलून दाखवत नाही."

पहिल्या आठवड्यात त्याने अकरा फोन उलटे लावले. "मघाशी मेकॅनिक निघाला म्हणालो, ते खोटं होतं. तो इथेच आहे." एकाने फोन आपटला. एका बाईने शेजारणीला बोलावून तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. एक गृहस्थ स्वतः आले आणि मशीनचा तुंबलेला पाइप त्याच्या टेबलावर रिकामा करून गेले.

"निघालेराव, तू होतास तसाच बरा होतास," म्हातारा मेकॅनिक म्हणाला. "आधी लोक तुला शिव्या घालायचे. आता मी दारात उभा राहिलो की मला घालतात."

ताईला वाटलं हा तिची बदनामी करायला निघालाय. "देवाचं नाव घेऊन माझं दुकान बसवतोयस," ती म्हणाली.

तरीही काहीतरी हललं होतं. फोन उचलण्याआधी तो तळहात टेबलावर टेकायचा आणि मनात म्हणायचा, प्रभू, तू इथे आहेस. चौथ्या-पाचव्या आठवड्यात कधी कधी खोटं ओठांपर्यंत येऊन परत जाऊ लागलं. उलटे लावायचे फोन दिवसाला एकावर आले. पण एक खोटं होतं चार वर्षांपूर्वीचं. त्यावर किती दिवस मावळले होते ते त्याने मोजलं नव्हतं. पाळकांचा नियम त्याच दिवसाच्या खोट्यासाठी आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

सातव्या आठवड्यातल्या बुधवारी, साडेदहाच्या सुमारास, ताई दुरुस्त झालेल्या वस्तूंच्या चिठ्ठ्या वाचत होती. एका मायक्रोवेव्हपाशी तिचा हात थांबला.

"ही डॉक्टर तीच का?"

"कोण?"

"बाबांच्या वॉर्डातली."

"छे गं. दुसरी कोणी असेल."

डॉक्टर तीच होती. सोमवारी फोन यानेच घेतला होता आणि पहिल्या वाक्यालाच आवाज ओळखला होता.

ती डॉक्टर म्हणजे काय हे दुकानातल्या प्रत्येकाला पाठ होतं, कारण ताई ते वर्षातून चार वेळा सांगायची. बाबा हॉस्पिटलात होते. ताई तेव्हा दुसऱ्या शहरात नोकरीला. बुधवारी धाकट्याचा फोन आला की डॉक्टर म्हणतायत घाई नाही, रविवारी आलीस तरी चालेल. गुरुवारी सकाळी बाबा गेले. ताईने त्या डॉक्टरविरुद्ध लेखी तक्रार केली. त्या रविवारपासून तिने उपासनेला जाणंही सोडलं. ज्या देवाला एका डॉक्टरीणबाईचं तोंड वेळेवर उघडता येत नाही, त्याच्याशी आपलं काही बोलणं उरलं नाही, असं ती म्हणे.

पंधरा मिनिटांनी धाकटा तिच्या टेबलापाशी गेला.

"डॉक्टर दुसरी असेल म्हणालो, ते खोटं होतं. तीच आहे."

ताईने मान वर केली. "कधी येणार आहे?"

"बाराला."

"येऊ दे." तिने मायक्रोवेव्ह उचलून स्वतःच्या टेबलावर ठेवला. "चार वर्षं वाट बघतेय. तिला काय सांगायचं ते तोंडावर सांगणार, आणि तुम्ही सगळे ऐकणार."

बाराला पाच कमी असताना तो पुन्हा गेला. "ताई, बाबांचं—"

"आत्ता बाबांचं नाव काढू नकोस. मला डोकं थंड ठेवायचंय."

तो जागेवर येऊन बसला. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेचीच शिसारी आली.

डॉक्टर बाराला आली. पन्नाशीची, दमलेली, हातात गाडीची चावी. "मायक्रोवेव्ह झालाय का?"

"झालाय," ताई म्हणाली. "तुम्ही मला ओळखणार नाही. माझे वडील तुमच्या वॉर्डात होते. रविवारी या, घाई नाही, असं तुम्ही सांगितलंत. ते गुरुवारी गेले. मी आले तेव्हा घरात फक्त त्यांची चप्पल होती."

डॉक्टरने चावी खिशात ठेवली. "असं मी कधीच सांगत नाही."

"नाही कसं? माझ्या भावाला सांगितलंत. हा इथे बसलाय. विचारा."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या मेकॅनिकच्या हातातला पाना थांबला. ओळखीचं वाक्य धाकट्याच्या तोंडात तयार होतं. चार वर्षं झाली, नीट आठवत नाही. ते पटलंही असतं, आणि दोन्ही बायका एकमेकींशी भांडत बसल्या असत्या. पाय लटपटत होते. त्याने तळहात टेबलावर टेकला. प्रभू, तू इथे आहेस. त्याच्यापलीकडे प्रार्थना सुचली नाही.

"डॉक्टर म्हणाल्या होत्या, ज्यांना बोलवायचं त्यांना आजच बोलवा," तो म्हणाला. "रविवार मी सांगितला. ते खोटं होतं."

कोपऱ्यात तपासणीला लावलेला फ्रिज घरघरत होता.

"परत बोल," ताई म्हणाली.

तो परत बोलला, शब्द न बदलता.

आधी बोलली ती डॉक्टर. "त्या तक्रारीवरून माझी सात महिने चौकशी झाली. तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"लेखी द्या."

"देतो."

"आत्ता."

कामाच्या पॅडचा कागद फाडून त्याने तीन ओळी लिहिल्या, खाली सही केली. डॉक्टरने त्या दोनदा वाचल्या आणि तारीख घालायला लावली. कागद घडी करून तिने पर्समध्ये ठेवला, मायक्रोवेव्ह उचलला. कोणी मदतीला पुढे आलं तर तिने मानेनेच नको म्हटलं. दारातून ती त्याच्याकडे वळली. "आभार मानेन असं वाटत असेल तर मानणार नाही," ती म्हणाली आणि गेली.

ताई उभीच होती. "का?"

कारण जोडायचं नाही. पण आता तिने विचारलं होतं. "मी फोन केला तेव्हा तू चिडलीस. म्हणालीस, रजा मिळत नाहीये, खरंच यायला हवं का. मी घाबरलो."

"म्हणजे खापर माझ्यावर."

"नाही. घाबरलो मी. तू फक्त विचारलंस."

"आणि मी चार वर्षं त्या बाईला शिव्याशाप देत होते, तेव्हा तू काय करत होतास? मंडळीत हात वर करून गाणी म्हणत होतास?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटायची. तरी म्हणत होतो."

ताईने टेबलाची कड धरली. पुढचा प्रश्न तिने हळू आवाजात विचारला. "बाबांनी माझं नाव काढलं होतं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. झोपेतच गेले, त्यांना काही कळलं नाही, असं ती चार वर्षं धरून चालली होती. ते तिच्यापाशी राहू दिलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. हे वाक्य दयेसारखं दिसत होतं. धाकट्याला ते ओळखू आलं. त्याची सगळीच खोटी आधी दयेसारखी दिसत.

"दोनदा विचारलं," तो म्हणाला. "ती कुठे आहे म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"निघाली आहे म्हणालो."

म्हाताऱ्या मेकॅनिकने पाना खाली ठेवला आणि तो बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिला.

ताई रडली नाही. हात उगारला असता तर धाकट्याला सोपं गेलं असतं. तिने तेही केलं नाही. "दुकानाची किल्ली ठेव," ती म्हणाली.

त्याने जुडग्यातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. तेवढ्यात फोन वाजायला लागला. दोघंही हलली नाहीत. सातव्या घंटीला ताई म्हणाली, "उचल. मला ऐकू दे."

पलीकडे एक गृहस्थ होते, काल कपड्यांचा ड्रायर बिघडल्याचा फोन केलेले. मेकॅनिक निघाला का, असं विचारत होते. आवाज पहिल्या शब्दालाच चढलेला.

"नाही निघाला," धाकटा म्हणाला. "आज येणार नाही. तुमचं काम फळ्यावर लिहायचं माझ्याकडून राहिलं."

पलीकडून जे आलं ते तीन पावलांवर उभ्या असलेल्या ताईलाही स्पष्ट ऐकू येत होतं. त्यात त्याच्या आईचा उद्धार होता, म्हणजे तिच्याही. त्याने रिसीव्हर कानापासून लांब नेला नाही. गृहस्थ दमल्यावर तो म्हणाला, "खरं आहे. उद्याच्या कामांत पहिलं लिहितो. मेकॅनिकला अजून विचारलेलं नाही, विचारतो. तो हो म्हणाला तर दुकानातून कळवतील." फोन ठेवून त्याने फळ्यावर पत्ता लिहिला आणि पुढे कंसात घातलं, विचारायचं आहे.

ताईने ते वाचलं. किल्ली उचलून तिने खणात टाकली.

"माझ्याशी बोलायचं नाही," ती म्हणाली. "उद्या नाही, परवा नाही. मी कधी बोलेन, बोलेन की नाही, मला माहीत नाही. मंडळीत माझ्यासाठी प्रार्थना मागू नकोस. माझं नाव तुझ्या तोंडात नको."

"बरं."

"जा आता."

त्याने पिशवी घेतली. मंडळीतल्या प्रत्येक कबुलीनंतर तो हलका होऊन बाहेर पडायचा. या वेळी अंग शिशासारखं जड होतं. ताईने क्षमा केली नव्हती आणि कदाचित करणारही नव्हती. देवाने केली होती असं तो मानत होता, आणि दुकानात आता दुसरं काही त्याला आधाराला नव्हतं. पाय मात्र लटपटत नव्हते. दारापर्यंत गेल्यावर त्याच्या ते ध्यानात आलं.

पायरीवर म्हातारा मेकॅनिक उभा होता. त्याने बाजूला सरून वाट दिली, पण तोंड फिरवलं नाही.

"ड्रायरचं उद्या सकाळी जमेल का?" धाकट्याने विचारलं.

"तुला काय करायचंय आता?"

"त्यांना सांगितलंय, विचारतो म्हणून."

म्हाताऱ्याने हात चिंधीला पुसले. "दहाच्या आधी नाही," तो म्हणाला.

धाकटा परत आत गेला. ताईकडे न बघता त्याने फळ्यावरचा कंस पुसला, तिथे दहानंतर असं लिहिलं, आणि बाहेर पडला.