विषाची पाटी

मृण्मयीने लोखंडी नळी जमिनीत दाबली, फिरवली, उपसली. मातीचा दांडा पिशवीत पडला. नळीचं तोंड ती स्पिरिटने पुसत होती, तेवढ्यात दिवाकर सर मागून म्हणाले,

"इथे कोणीतरी गुपचूप युरिया टाकतंय. का आकाशातून पडतोय?"

पेठच्या उतारावर, लावलेल्या सागात दोन चौकोन आखले होते. एकाला युरिया. दुसऱ्याला काही नाही, तो कोरा. मुळांवरची बुरशी झाडाला मातीतून पोषण आणून देते. युरियातलं नत्र आयतं मिळालं की झाड तिला विचारत नाही. एवढंच दाखवायचं होतं, आणि मृण्मयीची पीएचडी एवढ्यावरच उभी होती.

कोऱ्या चौकोनात नत्र चढत होतं. बुरशी कमी होत होती.

"गुरं शिरत असतील, सर."

"ती पाटी वाचून?"

पाटी सरांनीच रंगवली होती. विषारी औषध मारले आहे, आत येऊ नये. औषध नव्हतंच. गुराखी लांब राहावेत म्हणून.

"कारण सापडलं तर ठीक. नाहीतर हा तुकडा सोडू. पाटी वरच्या अंगाला लावू आणि पहिल्यापासून सुरू करू."

पहिल्यापासून. म्हणजे मागची दोन वर्षं —

सर हातोडी आणायला गाडीकडे गेले. मदतीला घेतलेली पाड्यावरची लंकाबाई नमुन्यांसाठीची बर्फाची पेटी धरून उभी होती. ती मृण्मयीकडे बघत नव्हती.

मृण्मयीही तिच्याकडे बघत नव्हती.

"लंकाबाई, इथे कोण येतं?"

"कोण नाय."

पानं वाजली.

"बाप्ये तर नायच. पाटीला लय भितात."

"आणि बायका?"

लंकाबाईने पेटी खाली ठेवली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तुम्हीच बोलल्या होत्या ना ताई, विष-बिष काय नाय म्हणून. मंग मी पाड्यातल्या बायकांना सांगितलं. पाड्यात संडास हायत, पाणी नाय. इथं कसं, कोणी बघत नाय, म्हणून आम्ही —" ती थांबली. "चुकलं आमचं. नाय येणार आता."

मृण्मयीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दर फेरीला सर डबा उघडून बसले की तीही इथेच यायची. त्या वाकड्या सागामागे. नत्रावर अभ्यास करणारी मुलगी, आणि लघवीतही युरियाच असतो हे तिला सुचलं नव्हतं?

सुचलं होतं. एकटीने काय होतंय, असं म्हणून —

"तुम्ही येता ते ठावं हाय मला," लंकाबाई हळूच म्हणाली. "मी नाय कुणाला सांगितलं."

सर हातोडी घेऊन आले. पाटीचा खांब हलवून बघू लागले.

"काय, लागला पत्ता?"

गुरंच, सर. शब्द तयार होते. लंकाबाईने मान खाली घातली होती.

"सर, बायका इथे लघवीला येतात." मग, "मीसुद्धा."

सरांनी खांबावरचा हात काढला. चष्मा काढून पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"बरं," ते म्हणाले. "बरं. मग... वरच्या अंगाला जाऊ. पाटी उपटून घे."

"पाटी राहू दे इथे."

"अगं, नव्या तुकड्यात गुरं शिरतील."

"तिथे कुंपण घालू."

सरांनी हातोडी तिच्यापुढे धरली आणि ते नळी उचलून चढाला लागले. खांब हलून हलून सैल झाला होता. मृण्मयीने एक घाव घातला. पाटी तिरकी झाली. लंकाबाई पुढे आली, दोन्ही हातांनी खांब धरून वाकली.

"जरा पाड्याकडं तोंड करा हिचं," ती म्हणाली. "बाप्यांना नीट वाचता आलं पायजे."