गाठ असू दे

बुटांच्या दुकानात त्याला सगळे नंबरकाका म्हणत. गिऱ्हाईक दारातून खुर्चीपर्यंत येईतो पायाचा नंबर त्याच्या तोंडात तयार असायचा. मोजायची पट्टी तो काढायचा ती फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. तीस वर्षं हेच काम. दिवसातून पन्नास वेळा गुडघा टेकायचा, परका पाय हातात घ्यायचा, बुटाची नाडी बांधायची आणि उठायचं. माणसांचे चेहरे त्याच्या फारसे लक्षात राहत नसत, पाय मात्र राहत.

अशा माणसाला एके दिवशी उठता येईना. गिऱ्हाइकाची नाडी बांधून झाली, गिऱ्हाईक उभं राहिलं, दोन पावलं चालून आलं, तरी हा आपला खालीच. मांड्यांत जोरच नव्हता. शेवटी मांडणीची फळी धरून त्याने स्वतःला वर ओढलं आणि गुडघे कुरकुरताहेत म्हणून हसण्यावारी नेलं. पुढे पुढे तो फळीजवळचीच खुर्ची गिऱ्हाइकाला द्यायला लागला.

गंमत अशी, की बघणाऱ्याला तो छान दिसत होता. चेहरा गोल गरगरीत, गाल लाल. गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या, काका, अंगावर चांगलं मूठभर मांस चढलंय, आता दृष्ट काढायला हवी. मालकांना वाटलं, एकटा माणूस अखेर वेळेवर जेवायला शिकला. खरी हकीकत फक्त त्याच्या पँटला ठाऊक होती. कमरेला ती बटण लावू देईना आणि मांड्यांवर नुसती फडफडायची. जरा कुठे खोका लागला की हातावर काळानिळा डाग उठायचा. झोप उडाली होती, आणि ज्याने तीस वर्षांत गिऱ्हाइकाला उलट उत्तर दिलं नव्हतं तो माणूस आता कशावरूनही चिडायचा.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, ती झाकून पुढे जाता येणार नाही. हा माणूस पूर्वी प्यायचा. थोडीथोडकी नव्हे, पंधरा वर्षं. एकुलत्या एक लेकीचं सगळं लहानपण त्यात गेलं. मग नऊ वर्षांपूर्वी, एका साध्या मंगळवारी, कुणाला काही न सांगता त्याने सोडली. बायकोने पहिलं वर्ष काही बोलायचंच नाही असं ठरवलं असावं. दुसऱ्या वर्षी तिचा विश्वास बसला. पाच वर्षांपूर्वी ती गेली, आणि तो किती वाजता घरी येतो, कसा येतो हे पाहणारं कुणी उरलं नाही. त्याच्या न पिण्याची ती एकटीच काय ती साक्षीदार होती.

नातीच्या चौथ्या वाढदिवसाला त्याने तिच्यासाठी लाल बूट नेले होते. नंबर विचारायचा प्रश्नच नव्हता. लेकीच्या घरी तिच्या सासरची माणसं जमली होती, जावयाच्या ऑफिसातली मंडळी होती. त्या सगळ्यांसमोर तो खाली बसला, नातीच्या पायात बूट चढवले, ते मापात बसले, आणि उठायची वेळ आली. जवळ फळी नव्हती. त्याने टेबलाची कड धरायला हात टाकला, हातात टेबलक्लॉथ आला आणि कपबश्यांसकट सगळं खाली. नात घाबरून रडायला लागली. लालबुंद तोंडाचा आजोबा फुटक्या कपांत बसलेला, आणि बाही वर सरकून दंडावरचे डाग उघडे पडलेले.

लेकीने त्याला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटून घेतलं. आवाज चढवला नाही.

"बाबा, पुन्हा सुरू केलीत?"

"नाही गं. पायात जोरच राहत नाही हल्ली."

"आणि हे डाग?"

"कुठेतरी लागलं असेल. कळतच नाही."

बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं. पूर्वी पिऊन यायचा तेव्हा तो हेच सांगायचा. पाय घसरला, कुठेतरी लागलं, कळलंच नाही. तेव्हाच्या खोट्यात आणि आजच्या खऱ्यात एका शब्दाचा फरक नव्हता. तिने तरी काय ओळखावं?

"सुटेल तेव्हा या," ती म्हणाली. "तोवर माझ्या पोरीसमोर नको."

चार महिने गेले. त्याने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तिने बरं आहे ना विचारलं आणि ठेवते म्हणाली. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हणून गोळ्या दिल्या, साखर वाढलीय म्हणून आणखी दिल्या, आणि चिठ्ठी हातात ठेवताना, जरा कमी करा आता, असं खालच्या आवाजात सांगितलं. काय कमी करायचं ते त्याने विचारलं नाही. घरी आला की तो दिवा लावायचा, एकट्यापुरतं ताट वाढून घ्यायचा आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला सांगावं तसं मोठ्याने म्हणायचा, मी प्यायलेलो नाही. खुर्चीचं त्यावर काही म्हणणं नसायचं.

मग एके दुपारी दुकानात एक बाई आल्या. दिवसभर उभं राहावं लागतं, मऊ तळव्याचे बूट दाखवा म्हणाल्या. त्याने नंबर सांगितला, तो बरोबर निघाला. पण त्यांचं लक्ष बुटांकडे नव्हतं. तो फळी धरून उठला तेव्हा त्यांनी त्याला पुन्हा एकदा बसून उठायला लावलं, या वेळी काही न धरता. त्याला जमलं नाही. त्यांनी त्याचा हात मागितला, मागच्या बाजूची कातडी चिमटीत धरून पाहिली, आणि चार वर्षांपूर्वीचा एखादा फोटो आहे का विचारलं. पाकिटात दुकानाचं जुनं ओळखपत्र होतं. त्या कधी ओळखपत्राकडे बघत, कधी त्याच्याकडे. आपण हार्मोन्सच्या डॉक्टर आहोत, उद्याच दवाखान्यात या, असं सांगून त्या गेल्या. बूट घ्यायचे राहूनच गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याचं पोट पाहिलं. त्यावर बोटभर रुंदीचे जांभळे पट्टे उमटले होते. त्यांनी कागदावर दोन मूत्रपिंडं काढली आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक छोटी टोपी. या टोप्या म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथी, त्या म्हणाल्या. वजनाला चार-पाच ग्रॅमच, पण आतला गाभा वेगळा, बाहेरची साल वेगळी, दोघांची कामं वेगळी. सालीतून कॉर्टिसोल निघतं. संकटात माणसाला तगवून धरायचं ते रसायन. मेंदूखालची ग्रंथी हुकूम देईल तेवढंच ते निघायला हवं. कधीकधी एखादी टोपी हुकूम मानेनाशी होते आणि रात्रंदिवस कॉर्टिसोल ओतत बसते. मग तोंड गोल होतं, पोट सुटतं, हातपाय वाळतात, कातडी पातळ होते, झोप जाते.

ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले. आपलं इतक्या दिवसांचं गाऱ्हाणं कुणीतरी त्याच्याआधीच मांडून ठेवलं होतं.

"एक विचारते," डॉक्टर म्हणाल्या. "दारू किती घेता?"

"नऊ वर्षं झाली सोडून."

त्यांनी ते लिहून घेतलं. तो कागदाकडे डोळे लावून बसला, पण अक्षर लागेना.

"खूप पिणाऱ्यांतही हेच दिसतं," त्या म्हणाल्या. "हाच चेहरा, आणि तपासण्यासुद्धा जवळपास अशाच येतात. म्हणून मला खात्री करावी लागेल. काही दिवस दाखल व्हाल?"

"करा," तो म्हणाला. "पाहिजे तर कुलूप लावून ठेवा."

वॉर्डात तो दहा दिवस होता. दिवसभराची लघवी एका मोठ्या कॅनमध्ये साठवायची होती. तो कॅन घेऊन तो इमानेइतबारे बोळातून ये-जा करी, आणि नर्सने विचारायच्या आत तिला आकडा सांगे. एकदा रात्री गोळी देऊन सकाळी आठला रक्त घेतलं. धडधाकट माणसाचं कॉर्टिसोल त्या गोळीने खाली बसतं म्हणे. याचं तसूभर हललं नाही. मग पोटाचा स्कॅन झाला आणि निकालाची वाट बघणं आलं.

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचाही स्कॅन झाला होता. भेटीच्या वेळी त्याची तीन मुलं, सुना, एक भाऊ असा सगळा गोतावळा खाटेभोवती उभा राही. काही निघू नये म्हणून त्याची म्हातारी बायको डोळे मिटून हात जोडायची. नंबरकाका भेटीच्या दोन तासांत भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा. पण हात त्याचेही पांघरुणाखाली जोडलेलेच असायचे. त्याचं मागणं उलट होतं. गाठ असू दे, तो म्हणायचा. मोठी असली तरी चालेल. काही न निघता घरी पाठवलं तर जगात कुणाला काय सांगणार होता तो? मरणाची भीती त्याला वाटत नव्हती असं नाही, पण लेकीच्या मनात बेवडा म्हणून मरायची त्याहून जास्त वाटत होती.

गाठ निघाली. डाव्या अ‍ॅड्रिनलवर, तीन सेंटिमीटरची. बहुधा साधी, कर्करोगाची नव्हे, डॉक्टर म्हणाल्या. दुर्बिणीतून ती ग्रंथी काढून टाकू. उजवी इतके दिवस बिनकामाची पडून झोपी गेलीय, ती जागी होईपर्यंत कदाचित वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतील, एकही चुकवायची नाही. तो इतका हसत ऐकत होता की त्यांना वाटलं, याला समजलेलं दिसत नाही. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं.

"डॉक्टर, हे कागदावर लिहून मिळेल ना?" त्याने विचारलं. "की हे दारूमुळे नाही?"

त्यांनी पेन काढलं आणि रिपोर्टच्या खाली तसं लिहून सही केली.

त्याने लेकीला फोन लावला. ती कामात होती, नंतर करते म्हणाली. मग त्याने रिपोर्टचा फोटो काढून पाठवला. पन्नास मिनिटांत ती वॉर्डाच्या दारात उभी होती, केस विस्कटलेले, पर्स नीट बंद न केलेली. त्याचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच दुसरं काहीतरी टोचलं. नऊ वर्षं न पिता काढून त्याने तोंडाने सांगितलं ते तिच्या दारापर्यंतसुद्धा पोचलं नव्हतं, आणि एका कागदाने तिला तासाभरात इथवर आणलं.

ती खाटेच्या कडेला बसली. त्याचा हात हातात घेतला, त्यावरच्या डागांवरून अंगठा फिरवला, आणि मग रडली. चार महिने फोनवर काय काय बोलायचं राहिलं ते सांगत राहिली. नात लाल बूट घालूनच झोपते, ते आता तिला घट्ट होतायत. ऑपरेशनच्या दिवशी रजा टाकते. नंतर घरी घेऊन जाते, जावयाशी बोलणं झालंय.

"मी विश्वास ठेवायला हवा होता, बाबा."

"तुझी काय चूक? मीच किती वेळा खोटं बोललोय तुझ्याशी."

"पण हे खरं होतं."

"हो," तो म्हणाला. "हे खरं होतं."

भेटीची वेळ संपत आली. बोलून त्याचा घसा कोरडा पडला होता. त्याने पाणी मागितलं. खाटेशेजारच्या टेबलावर झाकलेला जग होता आणि एक स्टीलचा पेला. तिने झाकण काढलं, पेला भरला, आणि त्याच्याकडे वळता वळता तो आपल्या नाकाशी नेला. वास घेतला. मग पेला त्याच्यापुढे धरला.

तिला कळलंही नव्हतं. दुसऱ्या हाताने ती त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं करत होती आणि उद्या डबा काय आणू ते विचारत होती. त्याला मात्र दिसलं. हे तिने आज सुरू केलेलं नव्हतं. शाळेत जायच्या वयापासून ती हे करत आली असणार, आणि शिकवणारा तोच. मघाचा सगळा आनंद अंगातून निघून गेला. आतापर्यंत त्याला वाटत होतं की एकटं पडलेलं माणूस म्हणजे फक्त आपण; ती तर लहानपणापासूनच एकटी होती.

त्याने पाणी पिऊन टाकलं, थेंबभरही न ठेवता, आणि रिकामा पेला तिच्याकडे दिला.

"अजून हवंय?"

"दे."

तिने पेला भरला. तो पुन्हा नाकाशी जाऊन आला. तोही त्याने पूर्ण पिऊन टाकला.