करंट कुठे अडला?

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे, मुलुंडच्या एका चाळीत जिन्याखाली राहणारी. जुनी म्हटलं की लोक आधी गंज बघतात. गंज आहेच, पण मला कुतूहलही फार. आपल्या पोटात नक्की काय चाललंय, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. एवढं कळलंय की आत पेट्रोल आणि हवा आली की वेळेवर ठिणगी पडावी लागते. गॅरेजवाले तिला 'करंट' म्हणतात. ती पडली तर मी गाडी. नाही पडली तर ओले टॉवेल टाकायची दांडी.

मला घरी आणलं काशीरामांनी. विक्रोळीच्या एका कारखान्यात ते फिटर होते. बोलणं कमी, पण कामावरून आले की आधी माझा चिखल पुसायचे, मग स्वतःचे पाय धुवायचे. माझा आवाज ऐकून चाळीतली पोरं 'काका आले' म्हणून ओरडायची. मग काशीराम गेले आणि माझ्या सीटवर कुणीतरी पापडांचा डबा ठेवला.

पुढे त्यांचा मुलगा जयवंत मला अंधेरीच्या ऑफिसला नेऊ लागला. पण मी वाटेत हटकून बंद पडायचे. चौऱ्याऐंशी सालच्या दसऱ्याआधी तो वैतागून म्हणाला, "आई, दसऱ्याला सकाळी सुरू झाली तर ठेवतो. नाही तर दादू भंगारवाला घेऊन जाईल. सांगून ठेवलंय त्याला."

त्याची आई शेवंतीबाई पदराने माझा आरसा पुसत राहिली.

खंडेनवमीला जयवंतने माझ्या इंजिनाचं झाकण उघडलं. आत पॉइंट असतात, दोन इवलेसे धातूचे ठिपके. ते एकमेकांना टेकतात आणि सुटतात. सुटताना करंट तयार होतो. त्याने ते घासून लख्ख केले. मी पहिल्याच किकला सुरू! तो खूश होऊन झाकण तसंच उघडं टाकून आंघोळीला गेला. परत येईपर्यंत माझी पूजा झाली होती, हँडलला झेंडूचा हार होता. त्याने आत न बघताच झाकण लावलं.

दसऱ्याची सकाळ उजाडली. किक, किक, पुन्हा किक. मी गप्प.

"जयवंता, गाडी आहे की व्यायामशाळा?" शेजारचा श्यामसुंदर गॅलरीतून ओरडला.

"तू चहा पी रे!"

जयवंतची बायको सुगंधा माझ्याजवळ उकिडवी बसली. "अहो, पेट्रोल आहे ना?"

"काठोकाठ."

तिने हॉर्न दाबला. वाजला. "म्हणजे बॅटरी जिवंत आहे. प्लग काढा, मला करंट बघायचाय."

जयवंतने प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि किक मारली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला, तरी नाही.

"ही वायर कुठे जाते?"

"कॉइलला. ती करंट वाढवते."

"आणि कॉइलची?"

"पॉइंटला. ते कालच साफ केलेत गं बाई!"

"मग काल काय केलंत ते बघू या ना."

तेवढ्यात दादूची हातगाडी फाटकातून आत आली. शेवंतीबाई दाराची चौकट धरून उभी राहिली.

झाकण निघालं. माझे पॉइंट लाल-पिवळे! तेलात कालवलेलं हळदकुंकू दोन ठिपक्यांच्या मधोमध बसलं होतं, मग ते टेकणार कसे?

"हे कुणी केलं?" जयवंतचा आवाज चढला.

"मियाच लायलंय रे," शेवंतीबाई आपल्या मालवणीत हळूच म्हणाली. "उघडा दिसला, लखलखत होता. माका वाटला, ह्याच तिचा काळीज. थंयच लायलंय, म्हटलंय, देवा, उद्या हिका वाचव."

श्यामसुंदरचंही हसू थांबलं.

जयवंतने कपाळावरचा घाम पुसला. "आई, काळीज बरोबर ओळखलंस. पण तिथे तिला कुंकूसुद्धा सोसत नाही गं."

त्याने पेट्रोलमध्ये बुडवलेल्या चिंधीने पॉइंट पुसले, कोरडे केले, त्यांच्यामधून कागदाची पट्टी फिरवली. मग किक मारली. मित्रांनो, मी अशी गरजले की दादू दोन पावलं मागे सरला.

"जयवंतशेठ, मग न्यायची नाही?"

शेवंतीबाईने त्याच्या हातात आपट्याचं पान ठेवलं. "सोना घे नि घराक जा, बाबा."

जयवंतने मला बंदच केलं नाही. "आई, बस मागे. कुठे नेऊ?"

काशीराम असताना ती कधी बसली नव्हती. चाळ काय म्हणेल, ही भीती. आता तिने पदर खोचला. "तुझ्या बापाशीचो कारखानो माका कधी बघूक गावलो नाय. थंय चल."

सणामुळे कारखान्याचं फाटक बंद होतं. तरी ती उतरली. कुठल्या शेडमध्ये बसायचे, डबा कुठे खायचे, असं जयवंतला एकेक विचारत राहिली. मला त्यातलं बरंच ठाऊक होतं, पण सांगता कुठे येतं!

मित्रांनो, तुमच्याकडेही असं एखादं यंत्र धूळ खात असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याच्यापाशी जरा बसा, एकेक वायर धरून विचारत जा. आणि ते सुरू झालंच, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा, कुठे जायचं राहिलंय?